"आठवड्यात किती गोळ्या राहतात?" असं विचारणारी ओपीडी (ब्रेस्ट कॅन्सर फॉलोअप, ४ स्टार)
आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि मग लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी गोळी) २.५ एमजी रोज एक, ५ वर्षं. आधी जिथे दाखवत होतो तिथले डॉक्टर हुशार, ऑपरेशनबद्दल काडीची तक्रार नाही, पण फॉलोअपला फाईलमध्ये बघत "गोळी चालू आहे ना?" एवढंच विचारायचे आणि आई "हो" म्हणून उठायची. कपाटात कपड्यांमागे न उघडलेल्या स्ट्रिप सापडल्या तेव्हा कळलं की बाईसाहेब आधी दिवसाआड घेत होत्या आणि मग बंदच. मी भरपूर ओरडले, उपयोग शून्य.

या ओपीडीत मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "बऱ्याच जणींच्या गोळ्या राहतात, तुमच्या आठवड्यात साधारण किती राहतात?" झालं, आई सुटलीच. सकाळी बोटं आखडतात, डब्याचं झाकण उघडत नाही, गुडघे धरतात, आणि हाडं दुखतायत म्हणजे कॅन्सर हाडात गेला असं ती मनात धरून बसली होती, मला एका शब्दाने बोलली नव्हती!! मॅडमनी आधी तपासण्या करून ते नाही ना याची खात्री केली, मग सांगितलं की या गोळीने इस्ट्रोजेन हे हार्मोन खूप कमी होतं त्यामुळे सांधे दुखतात, अनेक जणींना होतं. आणि ५ वर्षं कशाला तर हा हार्मोनवर वाढणारा कॅन्सर ऑपरेशननंतर बऱ्याच वर्षांनीही परत येऊ शकतो. हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल पण तेव्हा डोकं कुठे ठिकाणावर होतं.

मग गोळीला ३ आठवडे ऑफिशियल सुट्टी (त्यांनी दिलेली, मनाची नाही), दुखणं उतरल्यावर गोळी बदलून एक्झेमेस्टेन (त्याच प्रकारची दुसरी गोळी), ती जेवणानंतरच घ्यायची, शिवाय रोज चालणं, डेक्सा स्कॅन (हाडं किती मजबूत आहेत ते बघायला), कॅल्शियम, व्हिटॅमिन डी. बोटं अजून थोडी दुखतात पण आता ती स्वतः मला सांगते, "आज घेतली गं".

एक स्टार कापला कारण वेटिंग भयंकर आहे, आणि मॅडम रजेवर असल्या की जे डॉक्टर बसतात ते परत तेच, "गोळी चालू आहे ना? ओके." त्यामुळे निघायच्या आधी मॅडम आहेत का ते फोन करून विचारा.