दुखऱ्या गुडघ्यावर काय ठेवावं: बर्फ, जेल पॅक, मटारची पिशवी की शेक?

आधी गार की गरम, हे ठरवा. दोन्ही गुडघ्यांवर हाताची मागची बाजू टेकवा. दुखरा गुडघा दुसऱ्यापेक्षा गरम लागला, फुगलेला दिसला किंवा दिवसभराच्या चढउतारानंतर ठणकत असला, तर गार. सूज नाही, नुसता सकाळी आखडतो, तर शेक. ग्वाल्हेरच्या जानेवारीत बर्फाचं नाव काढलं की घरातले आजी-आजोबा पाय आखडून घेतात, त्यात नवल नाही. पण बाहेर थंडी आहे म्हणून सुजलेल्या गुडघ्याला शेक दिला, तर सूज आणखी चढू शकते. अंगावर रजई घ्या आणि गुडघा तेवढा उघडा ठेवा.

गारव्याच्या साधनांत सत्तरीपुढच्यांसाठी आमची पसंती साध्या बर्फाला. वितळणारा बर्फ 0 अंशावरच राहतो, त्याखाली जात नाही. फ्रीजरमधून थेट काढलेला जेल पॅक मात्र उणे 15 ते 18 अंशांचा असू शकतो. हाताला मऊ लागतो म्हणून तो सौम्य वाटतो, आणि म्हातारपणी पातळ झालेल्या कातडीवर तोच चट्टा उठवतो. शिवाय तो सुरुवातीला जास्त गार आणि नंतर भराभर कोमट होतो. बर्फ वितळताना उष्णता शोषत राहतो, म्हणून शेवटपर्यंत सारखा टिकतो.

बर्फाची पिशवी अशी करा: जाड झिपच्या पिशवीत 10-12 खडे फोडून घाला, अर्धी वाटी पाणी ओता, हवा दाबून काढा. हवा राहिली तर पिशवी गुडघ्याला नीट चिकटत नाही. खाली ओल्या सुती पंचाचा एकच पदर. जाड कोरडा टॉवेल घातला की गारवा आत पोचतच नाही, आणि मग ‘बर्फाने काही होत नाही’ अशी तक्रार येते. 10 ते 15 मिनिटं पुरेत, दर पाच मिनिटांनी कातडी बघा, दोन तासांनी पुन्हा चालेल. आधी गार, मग थोडी आग, मग दुखरेपणा, शेवटी बधिरता असा क्रम असतो. बधिर झालं की थांबा.

जेल पॅक वाईट नाही. पट्टा असतो, पाणी सांडत नाही, एकट्या राहणाऱ्याला सोयीचा. फक्त फ्रीजरमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि कापडात गुंडाळा. पट्टा करकचून आवळू नका: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाच्या गाठीवरून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. तिथे गारवा आणि दाब एकत्र आला तर पाऊल उचलायला त्रास होऊ शकतो. गारवा गुडघ्याच्या वाटीच्या पुढे आणि आतल्या बाजूला ठेवा.

मटारची पिशवी वाटीभोवती छान बसते, पण लवकर दमते. तिच्यावर खूण करा. वितळून पुन्हा गोठवलेले मटार भाजीत नकोत. कागदी कपात पाणी गोठवून बर्फाने 5-7 मिनिटं गोल गोल चोळणं एका ठरावीक दुखऱ्या जागेला उत्तम, मात्र हात सतत फिरता हवा. सगळ्या गुडघ्यावरच्या सुजेला ते पुरत नाही.

अपेक्षा बेताची ठेवा. गुडघ्याच्या झिजेवरच्या 2003 च्या कॉक्रेन आढाव्यात (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा आढावा) बर्फाच्या मालिशने हालचाल आणि ताकद सुधारल्याचं, तर बर्फाच्या पिशवीने सूज उतरल्याचं दिसलं; पिशवीचा दुखण्यावर ठळक परिणाम दिसला नाही. अभ्यासही मोजकेच होते. व्यायामाची जागा बर्फ घेत नाही.

मधुमेहामुळे पायांना संवेदना कमी असतील, पायांत रक्तपुरवठा कमी असेल, थंडीने बोटं पांढरी पडत असतील किंवा गारठ्याने पित्त उठत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको. ताप आणि लालबुंद, एकाएकी सुजलेला गुडघा, किंवा एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, हे बर्फाचं प्रकरण नाही; त्याच दिवशी दाखवा.

आणि बर्फ काढल्यावर लगेच उठू नका. गारठलेल्या गुडघ्याला आपली स्थिती नीट कळत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांचे जिने उतरण्याआधी पंधरा मिनिटं बसा, आणि त्याआधी फरशीवर सांडलेलं पाणी कोणाकडून तरी पुसून घ्या.