एका वर्षात ‘रेस्पिरेटरी थेरपिस्ट’ करून देणाऱ्यांपासून सावध

बारावीचा निकाल लागला की पॅरामेडिकलच्या जाहिराती नाशिकभर झळकायला लागतात, म्हणून हे आताच लिहितेय. ‘एक वर्षात रेस्पिरेटरी थेरपिस्ट, शंभर टक्के नोकरी, अमेरिकेत संधी.’ रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणजे श्वासाचा त्रास असलेल्या पेशंटची आणि व्हेंटिलेटरची काळजी घेणारा. नीटमध्ये मार्क कमी पडलेले, घरी द्राक्षाचे पैसे नुकतेच हातात आलेले. अशी घरं या क्लासवाल्यांना बरोबर सापडतात.

मी असाच कोर्स केला. त्यांच्या कॉलेज रोडच्या ऑफिसात काउन्सेलर मॅडमनी पहिल्याच भेटीत झाकिर हुसेन रुग्णालयाचा विषय काढला. २१ एप्रिल २०२१, ऑक्सिजनची टाकी गळाली, व्हेंटिलेटरवरचे पेशंट गेले. ‘तेव्हा ट्रेन्ड माणसं असती तर...’ म्हणून त्या थांबल्या. पप्पांनी पहिला हप्ता तिथेच भरला. टाकीच्या गळतीशी थेरपिस्टचा काय संबंध, हे त्या क्षणी कोण विचारतंय!

भिंतीवर फ्रेमांची रांग होती. आयएसओ ९००१:२०१५ हे संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही. उद्यम नोंदणी कुठल्याही छोट्या धंद्याला ऑनलाइन मिळते. ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ म्हणजे १८६०च्या कायद्याखाली नोंदवलेली सोसायटी. विद्यापीठ कोणतं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘अफिलिएशन प्रोसेसमध्ये आहे.’ हे कुठे, तर नाशकात, जिथे म्हसरूळला अख्खं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्यांच्याकडे कॉलेजचं नाव संलग्न यादीत आहे का, एवढं बघितलं तरी पुरतं.

‘प्रॅक्टिकल लॅब’मध्ये मास्कमधून दाबाने हवा देणारं एक बायपॅप मशीन होतं, त्याला मास्क नव्हता. व्हेंटिलेटर फक्त टीव्हीवर पाहिला. एबीजीचे, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे, आकडे पाठ करून घेतले, पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५. पण एक खरा रिपोर्ट समोर ठेवून ‘हा पेशंट सुधारतोय की थकत चाललाय?’ असं कुणी विचारलं नाही.

मग ‘इंटर्नशिप’. एका खासगी हॉस्पिटलात आम्ही सिलेंडर ढकलले, ह्युमिडिफायरच्या बाटलीत पाणी भरलं, चादरी बदलल्या. फुकट, वर फी आमचीच. एका रात्री व्हेंटिलेटरचा हाय प्रेशरचा अलार्म वाजायला लागला. मी हात बांधून उभी. सिस्टर धावत आल्या, सक्शन केलं, नळीत अडकलेला कफ निघाला आणि अलार्म थांबला. आमच्या वर्गात अलार्मचा विषय कधी निघालाच नव्हता. पैशापेक्षा मला याचाच जास्त राग आहे.

नोकरीसाठी गेले तर एचआरने सर्टिफिकेट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, ‘युनिव्हर्सिटी कोणती?’ पुढे मुलाखत झालीच नाही. अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी २०२१ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याने डिप्लोमालासुद्धा दोन ते चार वर्षांत किमान २००० तास ठरवलेत. एका वर्षाचा कोर्स तिथेच बाद. बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपी हवं असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, साधारण तीन वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. ‘घरबसल्या डिग्री’ म्हणणाऱ्यांनाही ऐकू नका, यूजीसीने २०२५मध्ये असे आरोग्य अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवायला मनाई केली आहे. राहिली अमेरिका. तिथे रेस्पिरेटरी थेरपिस्टची परीक्षा घेणाऱ्या एनबीआरसी या संस्थेच्या परीक्षेला बसायलाच त्यांच्या मान्यताप्राप्त कॉलेजचं शिक्षण लागतं, कॉलेज रोडच्या क्लासचं नव्हे.

दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट त्यांनी ‘व्हेरिफिकेशन’ म्हणून ठेवून घेतल्या होत्या आणि पूर्ण फी भरल्यावरच परत दिल्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.

आम्ही आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. तिथे पावत्या काढल्या तर प्रत्येकीवर ‘सेमिनार फी’ लिहिलेलं, कोर्सचं नावच नाही. शेवटी जाहिरातीचा फोटो आणि मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज छापून जोडले. कुणी याच फेऱ्यात असेल तर मेसेज डिलीट करू नका आणि पुढचा हप्ता भरायच्या आधी पावतीवर कोर्सचं पूर्ण नाव लिहून मागा.