रेडिएटर आतून फुटला, एटीएफमध्ये कूलंट गेलं: फ्लशिंग आणि वेगळा कूलर बसवल्यानंतरचा अनुभव

टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणारी) जुनी ऑटोमॅटिक गाडी असेल तर हे जरूर वाचा. एएमटीवाल्यांना हा त्रास नाही, कारण त्यांचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र चालवतं. पण ज्या गाड्यांचं गिअरबॉक्सचं तेल, म्हणजेच एटीएफ, थंड होण्यासाठी रेडिएटरच्या टाकीतून फिरतं, त्यांच्यात तेल आणि कूलंट यांच्यामध्ये फक्त एक पातळ धातूची भिंत असते. गाडी दहा-बारा वर्षांची झाली की ती भिंत कुजू शकते.

माझ्या एसयूव्हीत तेच झालं. कूलंटची पातळी हळूहळू उतरत होती, पण गाडीखाली एक थेंब दिसत नव्हता. शेवटी गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) ओढली. लालभडक तेलाच्या जागी स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी फेस. त्यानंतर इंजिन चालूच केलं नाही, फ्लॅटबेड बोलावून गाडी गॅरेजला नेली.

इंजिन चालू असताना तेलाच्या बाजूला पंपाचा दाब असतो. इंजिन बंद केलं की तो लगेच शून्यावर येतो, पण गरम कूलिंग सिस्टिममध्ये साधारण एक बार दाब बराच वेळ टिकून राहतो. म्हणून गाडी नुसती उभी असतानाही कूलंट गिअरबॉक्सकडे ढकललं जातं. आत क्लच प्लेट्सवर कागदासारखं घर्षण अस्तर डिंकाने चिकटवलेलं असतं. ते पाणी शोषून घेतं आणि कूलंटमधलं ग्लायकॉल त्या डिंकालाच मऊ करतं. अस्तर सुटायला लागलं की गिअरबॉक्स उघडण्याशिवाय पर्याय नाही, आणि त्या कामाचा मला सांगितलेला अंदाज लाखाच्या वर होता.

‘रेडिएटर बदला, एकदा तेल बदला, झालं काम’ हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. तो अपुरा आहे. खालचा ड्रेन नट उघडला की सगळं तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि पाइपांमध्ये निम्म्याहून जास्त राहतं. समजा एका वेळी 40 टक्के निघालं, तर पहिल्या वेळी 60 टक्के जुनं उरतं, दुसऱ्या वेळी 36, तिसऱ्या वेळी 22, आणि पाच वेळा करूनही 8 टक्के. प्रत्येक वेळी नवं तेल जुन्यात मिसळतं, म्हणून हे गणित इतकं चिवट आहे.

आम्ही आधी गिअरबॉक्सचं तळाचं भांडं (पॅन) उतरवून फिल्टर बदलला आणि आतला धातूचा कीस धरणारा चुंबक पुसला. चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लगदा असणं ठीक. धातूचे तुकडे दिसले तर पुढचा खर्च थांबवून विचार करा. मग कूलरकडून परत येणारा पाइप सोडून मापाच्या कॅनमध्ये घातला. इंजिन आयडलवर ठेवायचं, लिटर-दोन लिटर बाहेर आलं की बंद करायचं, तेवढंच नवं तेल डिपस्टिकच्या नळीतून भरायचं आणि पुन्हा चालू. पंप कोरडा पडता कामा नये. त्यामुळे या कामाला दोन माणसं लागतातच. रंग स्वच्छ लाल झाला तरी मी थांबलो नाही. थोडी गाडी चालवून, तेल गरम करून तेच पुन्हा केलं, कारण व्हॉल्व्ह बॉडीच्या (गिअर बदलण्यासाठी तेल वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याच्या) कोपऱ्यांतलं पाणी थंड तेलाने निघत नाही. खात्रीसाठी तेलाचा थेंब चांगल्या तापलेल्या तव्यावर टाकून बघा. चुरचुरला तर पाणी अजून आहे. पण ग्लायकॉल असं कळत नाही, हे ध्यानात ठेवा. तेल मात्र कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या प्रतीचंच घ्या.

कूलंटच्या बाजूलाही तेलाची साय आली होती. ती हीटरसह सगळी धुवावी लागली, कारण तेलाने रबरी होज फुगतात.

नवा रेडिएटर आला तेव्हा त्यातली कूलरची दोन्ही तोंडं मी बंदच ठेवली आणि एसीच्या कंडेन्सरपुढे वेगळा स्टॅक्ड-प्लेट (एकावर एक प्लेट्स रचलेला) ऑइल कूलर बसवला. आता तेल आणि कूलंट एकमेकांच्या आसपासही येत नाहीत. होज भोसरीत हायड्रॉलिक होजवाल्याकडून क्रिंप करून (टोकाचे जोड मशीनने दाबून) घेतले, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट तीच. साधा पेट्रोलचा पाइप आणि स्क्रूचा क्लॅम्प इथे चालत नाही. तसंच कूलर जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर टांगू नका. थरथरीने त्या कंडेन्सर घासून काढतात. पट्टीचे ब्रॅकेट बनवून घ्या.

आता गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचं. ब्लूटूथ स्कॅनरवर मी ते आधीपासून बघत होतो. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढला की एसी लावून पूर्वी 105 अंशांपर्यंत जायचं, आता 90च्या आत राहतं. हायवेला 75 ते 80. उतरलेला प्रत्येक अंश महत्त्वाचा आहे, कारण तापलेलं तेल फार झपाट्याने जळतं.

तोटेही आहेत. रेडिएटरमधला कूलर पाण्यावर चालतो, त्यामुळे गाडी उभी असली तरी तो काम करतो. हा हवेवर अवलंबून. नवले पुलाच्या कोंडीत तापमान 95च्या पुढे जातं. एसी चालू असेल तर उलट कमी राहतं, कारण कंडेन्सरचा पंखा फिरत असतो. दुसरं म्हणजे डिसेंबरच्या सकाळी तेल गरम व्हायला वेळ लागतो, तोवर टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत) आणि आरपीएम चढे राहतात. पुण्यात हे सोसण्यासारखं आहे. हिमाचलसारख्या ठिकाणी राहत असाल तर थर्मोस्टॅट (तेल गरम होईपर्यंत ते कूलरकडे जाऊ न देणारी झडप) असलेला कूलरच घ्या.

गिअर आता वेळेवर आणि मऊ पडतात. फक्त 60-70च्या वेगाला, ॲक्सिलरेटरवर हलका पाय असताना, कधीकधी रंबलरवरून गेल्यासारखी बारीक थरथर जाणवते. टॉर्क कन्व्हर्टर लॉक करणाऱ्या क्लचच्या अस्तराला ग्लायकॉलचा थोडा फटका बसलेला असणार, आणि तो तेल बदलून भरून येणार नाही. इतक्या महिन्यांत ती वाढलेली नाही, म्हणून मी गिअरबॉक्स उघडलेला नाही.

तुमची गाडी अजून ठीक असेल आणि रेडिएटर मूळचाच असेल, तर गळतीची वाट बघू नका. या दुरुस्तीच्या तुलनेत नवा रेडिएटर आणि कूलर मिळून फारच थोडे पैसे लागतात. मी आता दर सर्व्हिसला होजचे जोड हाताने चाचपतो, कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का ते बघतो, आणि एटीएफ 20,000 किलोमीटरला बदलायचं ठरवलं आहे.