क्रोम की पॉलिश? एकाच डिझाइनची दोन्ही चाकं महिनोन्‌महिने वापरल्यावर

माझ्या क्रूझर मोटरसायकलला पॉलिश केलेली बिलेट चाकं (ॲल्युमिनियमच्या सलग ठोकळ्यातून कापून काढलेली) आहेत आणि धाकट्या भावाच्या गाडीला त्याच डिझाइनची, पण क्रोम केलेली. दोन्ही जोड एकाच वेळी बसवले. गाड्या एकाच छपराखाली उभ्या असतात आणि पाऊस-चिखलही बहुतेक वेळा सोबतच खातात. चाकं घेण्याआधी मी जे काही वाचलं, त्यात सगळा भर कुठलं चाक जास्त चमकतं यावर होता. एवढे महिने वापरल्यावर मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. चाकाला काही झालं तर ते आपल्या हातांनी पूर्ववत करता येतं का, हे आधी बघायला हवं.

तरी दिसण्याचं आधी सांगतो, कारण बहुतेकांना तेच हवं असतं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. जवळ गेलं की क्रोममध्ये थंड, निळसर झाक दिसते आणि त्यात चेहरा आरशात पाहावा तसा स्पष्ट दिसतो. पॉलिशची चमक पांढरट आणि जरा मऊ असते. एक्झॉस्ट, हँडल, फोर्कची कव्हरं सगळी क्रोमची असतील तर पॉलिशचं चाक त्यांच्याशेजारी थोडं फिकं वाटतं. माझ्या गाडीवर काळा रंग आणि साधं ॲल्युमिनियम जास्त आहे, त्यामुळे मला ते शोभतं.

आता मुद्द्याचं. पॉलिशच्या चाकावर वरून काहीही चढवलेलं नसतं. 6061-T6 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक मशीनवर कापतात, मग घासून-बफ करून चमकवतात. चमकतो तो धातू स्वतः. क्रोमचं तसं नाही. हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि त्यावर प्लेटिंग नीट धरत नाही. म्हणून आधी झिंकेटची प्रक्रिया (जस्ताचा पातळ थर चढवणं), मग साधारणपणे तांबं, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोम. हा शेवटचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. आरशासारखी जी चमक दिसते ती बरीचशी खालच्या निकेलची असते, क्रोम तिला कडकपणा आणि ती निळसर छटा देतं.

रोजच्या वापरात क्रोम सरळसरळ पुढे आहे. गाडी धुण्याचा साधा शाम्पू, भरपूर पाणी, मऊ फडकं आणि लगेच कोरडं पुसणं, एवढंच काम. मधूनमधून मेणाचा हात दिला की ब्रेकची काळी धूळ चिकटत नाही. भावाने पॉलिशची पेस्ट क्रोमला कधी लावलीच नाही आणि तेच बरोबर आहे, इतक्या पातळ थरावर घासणारं काही नकोच.

माझ्या चाकांचं काम वेगळं. पावसात भिजून तशीच वाळली की थेंबांचे पांढरट डाग राहतात आणि काही आठवड्यांत सगळ्या चाकावर धुरकट पडदा येतो. मग पेस्ट घ्यायची, बोटाला फडकं गुंडाळायचं आणि एकेक स्पोक घासायचा. फडकं बघता बघता काळं होतं. तो काळेपणा म्हणजे निघालेला ऑक्साइड आणि धातूची बारीक भुकटी, घाबरायचं कारण नाही. काळं निघणं कमी झालं की स्वच्छ फडक्याने उलट्या दिशेने पुसायचं. स्पोक जिथे हबला मिळतात ते कोपरे सर्वांत जास्त वेळ खातात. मला हे काम मनापासून आवडतं. ज्याला आवडणार नाही त्याने पॉलिशच्या वाटेला जाऊ नये.

मागच्या चाकावर चेन ल्यूबचे शिंतोडे उडतात, ते पॉलिश करण्याआधी केरोसीनच्या फडक्याने काढून घ्या. टायरला आणि डिस्कला ते लागू देऊ नका. आणि कळकळीने सांगतो, मागचं चाक घासताना इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये फिरवायचं नाही. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं तर तुटतं. स्टँडवर लावून हातानेच फिरवा.

आता टवक्यांबद्दल, कारण माझं मत तिथेच पक्कं झालं. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या चाकांना कडेला खडे लागले. माझ्या रिमवर तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली. आधी 400 नंबरच्या वॉटर पेपरने फक्त खाचेच्या कडा मोडल्या, मग 800, 1500, 2000 असं चढत गेलो आणि शेवटी पेस्ट. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे चरे गेले की नाही ते दिसतं. आज बोट फिरवलं तर किंचित खोलगट लागतं, डोळ्यांना शोधूनही सापडत नाही.

भावाच्या चाकावर टवका टाचणीच्या डोक्याएवढाच होता. पण मुलाम्याला भोक पडलं होतं. पाणी आत गेलं आणि वरच्या निकेल-तांब्याच्या संगतीत खालचं ॲल्युमिनियमच आधी झिजायला लागलं. काही आठवड्यांत टवक्याभोवती बारीक फोड आला, मग त्याची कड उचलली गेली. तिथे आता राखाडी-पांढरी भुकटी दिसते. त्या कडेवरून बोट फिरवू नका, ती पात्यासारखी कापते. यावर घरगुती उपाय नाही. सगळ्या चाकाचा मुलामा उतरवून पुन्हा प्लेटिंग, नाहीतर पसरू नये म्हणून वारंवार कोरडं करून मेण लावत राहणं. हाच फोड टायर जिथे रिमवर बसतो तिथे आला तर ट्यूबलेसमधून हळूहळू हवा जाऊ लागते. म्हणून आता त्या चाकाचा दाब आम्ही जास्त वेळा बघतो.

व्हील क्लीनरच्या बाबतीत दोन्हींना जपावं लागतं. ॲसिडवाला क्लीनर क्रोमच्या सूक्ष्म छिद्रांतून खाली उतरतो आणि उघड्या ॲल्युमिनियमला ॲसिड आणि तीव्र अल्कली दोन्ही खातात. चाक गरम असताना तर काहीच फवारू नये.

क्लिअर कोट, म्हणजे वरून पारदर्शक थर, मारलेलं पॉलिश हा मधला मार्ग सुचवला जातो. मला तो पटत नाही. कोटाला एकदा खडा लागला की ओल त्याखालून अळीच्या वाटेसारखी पसरते आणि दुरुस्तीला आधी सगळा कोट काढावा लागतो.

समुद्राजवळ राहत असाल, किंवा हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागात गाडी चालवत असाल, तर दोन्हींना त्रास आहे. तिथे मी तरी पॉलिशच घेईन, कारण मिठाने आलेले डाग लवकर हात लावला तर घासून निघतात. गाडी बंद जागेत ठेवणारा, कोरड्या दिवसांत आणि चांगल्या रस्त्यांवर चालवणारा माणूस असेल तर क्रोम त्याला वर्षानुवर्षं सुख देईल आणि त्याचे रविवार मोकळे राहतील. खडीच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने क्रोमच्या भानगडीत पडू नये.

क्रोमच घ्यायचं ठरलं तर ऑर्डर देताना तीन गोष्टी नक्की विचारा. बेअरिंग बसते ती जागा आणि डिस्क टेकते तो भाग प्लेटिंगच्या वेळी झाकले होते का? कारण तिथे मुलामा चढला की बेअरिंगचं माप बिघडू शकतं. टायर बसतो त्या कडेचं प्लेटिंग एकसारखं आहे का? आणि प्लेटिंगची वॉरंटी खड्याने उडालेल्या टवक्याला लागू आहे का? बॅलन्सिंगसाठी कडेला ठोकायची वजनं लावू देऊ नका, आतल्या बाजूला चिकटवायचीच वापरा आणि ती जागा आधी अल्कोहोलने पुसून घ्या. मेणावर वजन टिकत नाही.