बाँडचा निरोप बघायचा की ईथन हंटचा?

दोन्ही सिनेमे पावणेतीन तासांच्या आसपासचे, तेव्हा एका रात्रीत दोन्ही उरकायचा बेत असेल तर सोडून द्या.

'नो टाइम टू डाय' (2021) हा इऑन या मूळ निर्मितीसंस्थेचा 25वा बाँडपट आणि डॅनियल क्रेगचा शेवटचा. 'मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग' (2025) हा टॉम क्रूझ ज्यात ईथन हंट साकारतो त्या मालिकेतला आठवा. दोघांनाही जुने हिशेब मिटवायचे आहेत. इतक्या जुन्या मालिकेचा नवा भाग जोखताना मी स्टंटच्या आधी एकच गोष्ट बघतो: मागच्या गोष्टी कथेत मुरल्यात, की नुसत्या आठवण करून दिल्यासारख्या येतात?

'फायनल रेकनिंग'चा पहिला तास इथेच मार खातो. जुन्या भागांचे तुकडे, त्यावर गंभीर आवाजातली माहिती, आणि अण्वस्त्रांवर टपलेली 'एंटिटी' ही कृत्रिम बुद्धिमत्ता किती भयंकर आहे हे समजावणारी माणसं. वाक्य एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं, तिसऱ्याने संपवायचं. अपवाद एक, आणि तो झकास: 1996च्या पहिल्या भागात ज्याच्या नाकाखालून तिजोरी साफ झाली, त्या सीआयएच्या डनलोला इथे परत आणलंय. अलास्काला बदली होऊन त्याची वाट लागली असेल असं आपण धरून चाललेलो असतो. गडी तिथे मजेत आहे!

नंतर मात्र क्रूझ समुद्राच्या तळाशी बुडालेल्या पाणबुडीत शिरतो. पाणबुडी गडगडत फिरते, छताची जमीन होते, पाणतीर घरंगळत अंगावर येतात, आणि बराच वेळ कोणी चकार शब्द काढत नाही. शेवटची दोन विमानांची झटापट तर आहेच. पैसे इथे वसूल होतात.

बाँडमध्ये असा एकही प्रसंग नाही. पण इटलीतल्या मातेरा शहराच्या चौकात बाँडची ॲस्टन मार्टिन डीबी5 गाडी चारी बाजूंनी घेरलेली असते, काचेवर गोळ्या आदळत असतात, आणि प्रेयसी मॅडलिनने दगा दिला या रागात बाँड हालचालच करत नाही. ती शेजारी भेदरलेली. गाडीतल्या मशीनगन बाहेर यायच्या आधीचे ते काही क्षण मला सगळ्या पाठलागांपेक्षा भारी वाटतात, कारण मारामारीतून त्या दोघांचं नातं कळतं. क्युबात आना द आर्मास दहाएक मिनिटांसाठी येते आणि भाव खाऊन जाते. रामी मलेकचा खलनायक मात्र फिका; पण त्या बाबतीत क्रूझच्या गॅब्रिएललाही काही फार मार्क देता येणार नाहीत.

घरी टीव्हीवर बघणार असाल तर बाँड. मोठा पडदा मिळत असेल तर डोळे झाकून 'फायनल रेकनिंग'. पाणबुडी मोबाईलवर बघण्यात काही अर्थ नाही.

पूर्वतयारीचं म्हणाल तर क्रूझसाठी 2023चा 'डेड रेकनिंग' हवाच, जमल्यास 1996चा पहिला. बाँडसाठी 'कसिनो रॉयाल' (2006) आणि 'स्पेक्टर' (2015) पाहून ठेवा. 'स्पेक्टर' कंटाळवाणा आहे, पण मॅडलिन तिथेच भेटते. 'क्वांटम ऑफ सोलेस' गाळलात तरी चालेल.