'22 गेज म्हणजे 19 पेक्षा वरचा माल': खुराड्याच्या तयार संचात झालेली फसवणूक

लिहायची लाज वाटत होती, म्हणून महिनाभर गप्प होतो. कोंबड्या, जाळी, लाकूड यातलं आपल्याला कळतं असा समज असलेला माणूस फसतो तेव्हा जास्त झोंबतं.

'घरगुती खुराडं, 12 कोंबड्यांसाठी, सुटे भाग घरपोच, अर्ध्या खर्चात.' जाहिरात, गोड बोलणं, आजच्यापुरता भाव, आगाऊ रक्कम, नंतर बंद फोन. हा सगळा खेळ तुम्हाला पाठ असेल, तो उगाळत बसत नाही. इथे फरक एवढाच की माल आला. माल आलाच नसता तर सरळ चोरी म्हणून दाखवता आली असती. आला, आणि दिसायला ठीक आला, तिथेच सगळं अडकलं. पैशांचा आकडा मुद्दाम देत नाही. तो उद्या शिळा होईल आणि कोणीतरी तोच 'योग्य भाव' म्हणून तुमच्यापुढे नाचवेल. मापं मात्र पूर्ण देतो.

ठरलं ते असं: 6 बाय 4 फुटांचं खुराडं आणि त्याला जोडून 3 बाय 2 मीटरचं जाळीचं आवार. अर्धा इंची वेल्डमेश (तारा वेल्ड करून केलेली चौकोनी जाळी), 19 गेज (तारेच्या जाडीचं माप), 90 सेंमी रुंद, 15 मीटरचे दोन रोल. 2 बाय 2 इंची नवं लाकूड. 'मरीन' म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय. 70 टक्के आगाऊ, 30 टक्के गाडी दारात आल्यावर, पण माल उतरवायच्या आधी. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मीही वाचलं होतं.

जाहिरातीतला 12 चा आकडा खोटा आहे हे मला तेव्हाही कळत होतं. आत एका कोंबडीला 3 ते 4 चौरस फूट लागतात, आवारात 8 ते 10. 24 चौरस फुटांत 12 कोंबड्या कोंबल्या तर त्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि पहाटे दार उघडलं की अमोनियाने डोळे चुरचुरतात. म्हणून मी हिशेब सहाचाच धरला आणि स्वतःवर खूष झालो. जो माणूस कोंबड्यांचा आकडा दुप्पट सांगतो, तो तारेची जाडी खरी कशाला सांगेल? हे डोक्यातच आलं नाही.

आता तो क्षण, ज्यासाठी अजून झोप उडते. पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याचा फोन आला. ''साहेब, 19 गेज संपली. 22 गेज देतो, वरचा माल आहे, भाव तोच.''

गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. हे मला माहीत होतं, दहा जणांना मीच समजावलंय. पण तो इतक्या सहज बोलला की मला वाटलं, आकडे उलटे बोलला असेल, 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. त्याने फसवलं खरं, पण त्या एका 'बरं'वर मी सही केली.

प्रचलित कोष्टकात 19 गेज म्हणजे 1.02 मिमी आणि 22 गेज म्हणजे 0.71 मिमी. ऐकायला फरक किरकोळ. पण तारेचा छेद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे 22 मध्ये धातू निम्म्याहून कमी. त्यात गेजची कोष्टकं एकाहून जास्त आहेत, तेव्हा बिलावर गेज नको, मिमी लिहून घ्या. व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) नसेल तर रोल काट्यावर ठेवा. अर्धा इंची चौकोन आणि 1 मिमी तार असेल तर एका चौरस मीटरला साधारण 1 किलो भरतं. माझ्या दोन रोलचे 27 चौरस मीटर, म्हणजे 27 किलो यायला हवे होते. भरले 11 किलो 900 ग्रॅम. 27 च्या जागी 12 किलो, आणि गाडीवाल्याला पैसे देताना रोल मीच एका हाताने उचलून बाजूला ठेवला होता! एका हाताने!

बहुतेक तूट तारेची, उरलेली लांबीची. एक रोल 13.2 मीटर निघाला, दुसरा 13.4. आत पुठ्ठ्याची जाड नळी होती, म्हणून बाहेरून रोल भरगच्च दिसत होता. हिशेब पाहा: आवाराचा घेर 10 मीटर, उंची दोन पट्ट्यांची, म्हणजे 20 मीटर इथेच गेले. तळाशी बाहेरच्या बाजूला दीड फूट जाळी जमिनीवर पसरून मातीखाली दाबावी लागते, कारण उकरणारा प्राणी भिंतीला टेकूनच उकरतो आणि पायाखालची जाळी त्याला अडवते. पट्टा उभा चिरून वापरला तर त्याला 6 मीटर. उरलेले 4 खिडक्यांना. साडेतीन मीटर कमी पडले की काहीतरी उघडं राहतं. माझ्याकडे मागच्या बाजूचा पट्टा राहिला.

जाळी लावायला पाठवलेल्या पिना 6 मिमीच्या. त्या मी वापरल्या नाहीत, एवढं श्रेय तरी मला द्या. दर 15 सेंमीला स्क्रू आणि रुंद वायसर लावले. उपयोग शून्य. रात्री प्राणी आला तेव्हा स्क्रू जागचे हलले नाहीत, जाळीचेच सांधे शिवण उसवावी तसे एकामागून एक सुटले. सकाळी सहातल्या चार कोंबड्या उरल्या होत्या.

सांध्यांकडे तरी बघायला हवं होतं. वेल्डिंग करून मग जस्तात बुडवलेल्या जाळीच्या सांध्यावर जस्ताचा खडबडीत गोळा जमतो, बोटाला लागतो. आधी जस्त चढवलेल्या तारा नंतर वेल्ड केल्या असतील तर सांध्यावरचं जस्त जळून काळपट ठिपका राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. माझ्या जाळीवर चौकोनागणिक काळा ठिपका होता. मी ती धूळ समजलो.

लाकडाचं फार सांगत नाही. रंधा मारला की माप थोडं उतरतं, ते मान्य. पण 'नव्या' लाकडाला पुट्टी घासून भरलेली खिळ्यांची भोकं नसतात. ते पॅलेटचं, म्हणजे मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटीचं, लाकूड होतं. पॅलेट वाईटच असं नाही, कमी खर्चात खुराडं करायचं तर तेच उत्तम, फक्त शिक्का पाहायचा: एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते कोंबड्यांजवळ नको. माझ्या एका पट्टीवर रंध्यातून सुटलेलं शेवटचं अक्षर होतं, 'बी'. जुन्या लाकडाच्या फटीत लाल माइटही (कोंबड्यांचं रक्त पिणारे बारीक जीव) येतात. दिवसा दिसत नाहीत, रात्री कोंबड्या बसायच्या दांडीखाली पांढरा कागद धरून टॉर्च मारा.

प्लायचा कापलेला तुकडा आधीच मागवा आणि तासभर उकळा. हलका माल असेल तर थर सुटायला लागतात. माझा पहिल्या पावसातच सुटला. 'मरीन' हा शिक्का कोणीही मारू शकतो.

तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, माल मिळालाय ना, मग हा दिवाणी वाद. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बिल मागितलं. बिलावर काय, तर 'खुराडे साहित्य, एक संच'. ना मिमी, ना मीटर, ना प्लायचा दर्जा. ''यात कमी काय आलं ते कसं ठरवायचं?'' प्रश्न बरोबर, त्याचा राग आणखी. वजनमापवाल्यांनी सांगितलं, रोल उघडलाय, आता तुम्हीच कापला नसेल कशावरून. न उघडता मोजायचा कसा, तर त्यावर ''साहेब रजेवर आहेत''. बँकेचं उत्तर, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले. प्रत्येक ठिकाणी तोच अर्ज नव्या नमुन्यात, प्रत्येक ठिकाणी तीन प्रती, आणि प्रत्येक ठिकाणी तो एक सुस्कारा: ''एवढ्याशा कोंबड्यांसाठी?'' मी 15 किलो लोखंडाबद्दल बोलत होतो, ते कोंबड्यांवर हसत होते. एकाने तर जाता जाता विचारलं, अंडी देता का घरची.

म्हणून रोल उघडताना सलग व्हिडिओ काढा: आधी काटा, मग टेप, मग तारेवर व्हर्नियर, मध्ये कुठेही न थांबवता. बिलावर एकेक वस्तू वेगळी लिहून घ्या. उतरवायच्या आधी पैसे मागणाऱ्याची गाडी तशीच परत पाठवा. आणि संच घेऊच नका. जाळी एकाकडून, लाकूड दुसऱ्याकडून, कड्या-बिजागऱ्या तिसऱ्याकडून. संचात काय कमी आहे ते लपतं, सुट्या मालात लपत नाही.

त्याच्या आराखड्यात अंडी घालायची खोकी बसायच्या दांडीपेक्षा वर होती, हेही तेव्हाच खटकायला हवं होतं. कोंबडी सगळ्यात उंच जागी झोपते. खोकी वर असली की त्यातच झोपणार, त्यातच घाण करणार आणि अंडी बरबटणार. ज्याने एकदा तरी कोंबडी पाळली आहे तो असं चित्र काढत नाही.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, फोटो तोच, खोकी अजून दांडीच्या वरच. खुराडं 6 बाय 4 च आहे. आता त्यात 18 कोंबड्या मावतात.