रायझन ५५०० की ५६००? जुन्या एएम४ बोर्डासाठी

बी३५० किंवा बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड अजून धडधाकट असेल तर तो काढून टाकायची घाई करू नका. २०१७ साली एएमडीचे पहिले रायझन प्रोसेसर ज्या एएम४ सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेवर) आले, त्यावरच २०२२चे रायझन ५ ५५०० आणि ५६०० बसतात. वरवर पाहिलं तर दोघे सख्खे भाऊ: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट. कमाल वेग ४.२ आणि ४.४ गिगाहर्ट्‌झ, एवढ्याने काही बिघडत नाही.

खरी मेख एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीत आहे. ५५०० मध्ये १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. हवा तो डेटा कॅशमध्ये सापडला नाही की प्रोसेसरला रॅमपर्यंत हेलपाटा पडतो, आणि गेममध्ये ऐन वळणावर चित्र अडखळतं. म्हणून गेमिंगसाठी मी डोळे मिटून ५६०० घेईन. ब्राउझिंग, हिशेब, कोडिंग यांना ५५०० पुरून उरतो. वाचलेले पैसे एसएसडीत घाला, फरक रोज दिसेल.

५६०० च्या पीसीआयई ४.० ला (ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या मार्गाच्या नव्या, वेगवान आवृत्तीला) मात्र भुलू नका. या बोर्डांवर ग्राफिक्स कार्ड सहसा ३.० नेच चालतं. आणि दोघांतही अंगचे ग्राफिक्स नाहीत, वेगळं कार्ड लागतंच.

कोणताही घ्या, पण बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा. आधी प्रोसेसर बदललात तर जुना बायोस नव्याला ओळखणार नाही: पंखा फिरेल, स्क्रीन काळीच राहील, आणि कूलर पुन्हा उतरवून थर्मल पेस्ट नव्याने लावावी लागेल.